आउटलेनची रबरं परत लावा : पिनबॉल बनवणाऱ्यांना, मांडणाऱ्यांना आणि आम्हा खेळणाऱ्यांना खुलं पत्र

स.न.वि.वि.

हे पत्र तिघांना आहे. पिनबॉलची मशीनं आखणाऱ्या-बनवणाऱ्यांना, ती चार लोकांत मांडून त्यांची देखभाल करणाऱ्यांना, आणि या दोघांच्या कानाशी सतत कुरकुर करणाऱ्या माझ्यासारख्या जुन्या खेळाडूंना. तिसऱ्या गटात मी स्वतः मोडतो, तेव्हा यातला काही मजकूर मलाच उद्देशून आहे. कुठला, ते कळेलच.

आधी निमित्त सांगतो. मी बावीस वर्षं पिनबॉल खेळतोय. म्हणजे काचेखालच्या उतरत्या फळीवर बॉल सोडायचा आणि खाली बटणांनी उचलल्या जाणाऱ्या फ्लिपरांनी, म्हणजे दोन पात्यांनी, तो पडू न देता वर मारत राहायचा. माझी मोठी बहीण इतकी वर्षं "त्या खोक्यात असं आहे तरी काय" म्हणून हसायची. गेल्या महिन्यात ती पहिल्यांदाच माझ्याबरोबर आली आणि म्हणाली, दाखव. मी तिला माझ्या सगळ्यात आवडत्या मशीनसमोर उभं केलं. तिनं प्लंजर, म्हणजे बॉल वर ढकलणारा दांडा, ओढून सोडला. बॉल वर गेला, बंपरांमध्ये दोनचार धक्के खाल्ले, खाली येऊन डाव्या स्लिंगशॉटवर, म्हणजे फ्लिपरच्या वरच्या उडवणाऱ्या रबरी त्रिकोणावर, आपटला, तिथून आडवा उडून उजव्या आउटलेनच्या, म्हणजे बॉल गिळणाऱ्या कडेच्या गल्लीच्या, तोंडाशी क्षणभर थरथरला आणि आत पडला. फ्लिपरच्या बटणांवर तिची बोटं होती, ती दाबायची वेळच आली नाही. तिनं वळून मला विचारलं, "माझं काय चुकलं?"

काहीच चुकलं नव्हतं. मी "असं होतं कधीकधी" असं काहीतरी पुटपुटलो. दुसऱ्या बॉलला तिनं घाबरून दोन्ही फ्लिपर एकदम उचलले आणि बॉल मधून सरळ खाली गेला. ही मात्र तिची चूक होती, आणि ती समजावून सांगता आली: दोन्ही एकदम उचलले की मधली फट वाढते, बॉल ज्या बाजूला येतोय तेवढंच बटण दाबायचं. तिनं मान डोलावली. तिसऱ्या बॉलला तिनं नेमकं तसंच केलं, एक बऱ्यापैकी फटका मारला, बॉल एका टार्गेटवर आदळून परत फिरला आणि डाव्या आउटलेनमध्ये गेला. सगळा खेळ दीड मिनिटात आटोपला. "छान आहे रे, तू खेळ," असं म्हणून ती मागे खुर्चीवर जाऊन बसली आणि तिनं फोन काढला.

आता कबुली देतो. दोन महिन्यांपूर्वी त्या मशीनवर सामने होते. सामन्यांच्या आधी आम्ही चारपाच जणांनीच मशीनवाल्याच्या मागे लागून ते कडक करून घेतलं होतं. त्यानं किल्लीनं पुढचं दार उघडलं, काच सरकवली, दोन्ही आउटलेनच्या खांबांवरची रबरं काढली, टिल्ट, म्हणजे मशीन जोरात हलवलं की बॉल बाद करणारी यंत्रणा, कडक केली आणि मेनूत जाऊन बॉल सेव्ह, म्हणजे सुरुवातीच्या काही सेकंदांत गेलेला बॉल परत देण्याची सोय, शून्यावर आणला. आम्ही भोवती उभे राहून बघत होतो, शाबासकी देत होतो. सामने झाले. मशीन तसंच राहिलं. परत सैल करा असं आमच्यापैकी कुणीही म्हणालं नाही, कारण आम्हाला ते तसंच आवडत होतं. माझ्या बहिणीचा पहिला बॉल मीच खाल्ला, असं म्हणायला हरकत नाही.

ज्यांनी काचेखाली कधी निरखून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पिनबॉलचा बॉल पोलादी असतो, व्यास सुमारे 27 मिलिमीटर, वजन साधारण 80 ग्रॅम. खाली दोन्ही बाजूंना दोन-दोन गल्ल्या असतात. आतली इनलेन, ती बॉल फ्लिपरवर आणून सोडते. बाहेरची आउटलेन, ती बॉल गिळते. आउटलेनच्या तोंडाशी एक छोटा खांब उभा असतो आणि त्यावर रबराची कडी. बऱ्याच मशीनांत या खांबासाठी दोन-तीन भोकं पाडलेली असतात. खांब कुठल्या भोकात बसवला यावर आउटलेनचं तोंड किती उघडं राहणार ते ठरतं. रबर काढलं की तोंड एकदोन मिलिमीटरनं रुंद होतं. ऐकायला हे काहीच नाही. पण रबर असताना तोंडाशी आलेला बॉल त्यावर टप्पा घेऊन आत परतण्याची आशा असते, आणि मशीनला हलका धक्का देऊन त्याला परतवायला अर्धा सेकंद मिळतो. उघड्या धातूवरून तो घसरतो. मी बावीस वर्षांत धक्का द्यायला शिकलोय. माझ्या बहिणीला धक्का देता येतो हेच ठाऊक नव्हतं, आणि दिला असता तर त्या कडक केलेल्या टिल्टनं तिचा बॉल तसाही घेतला असता.

म्हणजे काठिण्य वाढवलं आमच्यासाठी आणि त्याची झळ लागली तिला. आम्हाला त्या एकदोन मिलिमीटरचा त्रास फार तर चवीपुरता.

इथे कुणीतरी म्हणणारच, की पिनबॉल अवघडच असतो, बॉल जायचाच, त्यात रडायचं काय. मान्य. बॉल जाण्यातच या खेळाची गंमत आहे. पण बॉल कसा जातो याला अर्थ आहे. हा खेळ सुरुवातीला फ्लिपरशिवायच होता. बॉल सोडायचा, तो खिळ्यांवरून कुठे घरंगळतो ते बघत बसायचं, फार तर खोकं हलवायचं. ते हलवणं इतकं वाढलं की 1930 च्या दशकात हॅरी विल्यम्स यांना टिल्टची युक्ती काढावी लागली. फ्लिपर आले 1947 मध्ये, गॉटलीब कंपनीच्या हम्प्टी डम्प्टी या मशीनवर. हॅरी मॅब्ज यांनी त्यावर सहा फ्लिपर लावले होते. पुढच्याच वर्षी स्टीव्ह कॉर्डेक यांनी ट्रिपल अ‍ॅक्शन या मशीनमध्ये तळाशी दोनच ठेवले आणि आज आपण ओळखतो त्या रूपाच्या जवळ खेळ आला. तरी न्यूयॉर्क शहरात 1942 पासून जी बंदी होती ती कायमच राहिली, कारण अधिकाऱ्यांच्या लेखी हा नशिबाचा खेळ होता, म्हणजे जुगार. ती उठली 1976 मध्ये. पत्रकार आणि खेळाडू रॉजर शार्प यांनी नगर परिषदेच्या लोकांसमोर मशीनवर खेळून दाखवलं, बॉल वरच्या मधल्या गल्लीतून जाईल असं आधी सांगितलं, प्लंजर ओढला आणि बॉल तिथूनच गेला. हे आम्ही सगळे जुने खेळाडू मोठ्या अभिमानानं सांगतो: बघा, हा कौशल्याचा खेळ आहे.

मग त्याच तोंडानं आम्ही नवख्या माणसाला असा बॉल कसा काय देतो, ज्याला फ्लिपर लागतच नाही? तो बॉल 1947 च्या आधीचा आहे. अशा बॉलमधून नवखा काहीही शिकू शकत नाही. दोन्ही फ्लिपर उचलल्यामुळे गेलेला बॉल त्याला काहीतरी शिकवून जातो. अवघड आणि अन्यायी यांतला फरक मला इथे दिसतो: "माझं काय चुकलं?" या प्रश्नाला खरं उत्तर देता आलं पाहिजे.

आता तक्रारी. त्या सारख्या वजनाच्या नाहीत, म्हणून कुठे जास्त बोलेन, कुठे कमी.

मांडणाऱ्यांनो, पहिली आणि सगळ्यात मोठी तुमच्याबद्दल. ती काठिण्याची नाहीच, नादुरुस्तीची आहे. फ्लिपरची कॉइल किंवा जोडणी थकली, रबर कडक झालं, प्लेफील्डवर, म्हणजे काचेखालच्या फळीवर, काळी पूड साचली, की रॅम्पवर मारलेला बॉल तीन चतुर्थांश वाट चढतो, वर थबकतो आणि त्याच वाटेनं परत येऊन थेट दोन फ्लिपरांच्या मधून जातो. जाणता खेळाडू दोनदा मारून बघतो, "डावा फ्लिपर मेलाय" म्हणतो आणि तो रॅम्प सोडून दुसरं काहीतरी मारत राहतो. नवखा तोच रॅम्प मारत राहतो, कारण दिवा तिथेच लुकलुकतोय आणि मशीन ओरडून तिथेच मारायला सांगतंय. आपल्याला जमत नाही असं त्याला वाटतं. त्याला कुणी सांगत नाही की त्या क्षणी तो फटका कुणालाच जमणार नव्हता. उताराचंही तेच. बहुतेक नव्या मशीनांना साडेसहा अंशांचा उतार सांगितलेला असतो, पण मागचे पाय वर करून बॉल वेगवान केला की झालं काठिण्य, अशी एक समजूत आहे. उतार फार कमी ठेवला तर बॉल आडवा तरंगत राहतो, पुन्हापुन्हा आउटलेनकडे जातो आणि मशीन वेगळ्याच कारणानं क्रूर होतं, हे बऱ्याच जणांच्या गावी नसतं. आणि डावी-उजवीकडे कललेलं मशीन तर कुणासाठीच काही नसतं. एक लेव्हल ठेवून पाच मिनिटं पाय फिरवले तर हे सगळं जागेवर येतं.

दुसरी तक्रार रिप्लेची. बऱ्याच मशीनांत फुकट खेळ मिळवायचा गुणांचा आकडा मशीन आपणहून वर-खाली करतं, ठरावीक टक्के खेळांनाच रिप्ले मिळावा म्हणून. कल्पना म्हणून हुशार आहे. पण एकाच मशीनवर रोज आम्ही पाचसहा जण तळ ठोकून बसलो की तो आकडा आमच्या मापानं चढत जातो, आणि शनिवारी कुणी घरच्यांना घेऊन आला की त्याच्यासमोर असा आकडा असतो जो त्याला वर्षभरात दिसणार नाही. मग त्याच्या वाट्याला शेवटी उरतो तो मॅच, म्हणजे खेळ संपल्यावर शेवटचे दोन अंक जुळले तर मिळणारी भीक. कौशल्याच्या खेळात नवख्याला बक्षीस मिळायची एकच वाट राहावी आणि तीही लॉटरीची, याचं मला हसू येतं आणि रागही येतो.

बनवणाऱ्यांनो, तुमच्याशी जरा सविस्तर बोलायचंय, कारण हे तुम्हाला उत्तम जमत होतं. 1992 चं अ‍ॅडम्स फॅमिली आठवा, पॅट लॉलर यांनी आखलेलं मशीन, 20,000 हून अधिक बनलेलं. किंवा ब्रायन एडी यांचं 1997 चं मीडिव्हल मॅडनेस. समोर मधोमध एक किल्ला. काय करायचं हे सांगायला कुणी लागत नाही. दिसतोय ना किल्ला, मारा त्याला. मारत राहिलं की झुलता पूल खाली येतो, मग दरवाजा, मग किल्ला कोसळतो. पहिल्याच खेळात हे एखाद्याला जमून जातं आणि तो ओरडतो. आणि तोच किल्ला माझ्यासारख्याला आयुष्यभर पुरतो, कारण मधोमध मारलेला बॉल परत मधोमधच येतो, प्रत्येक फटक्यात जोखीम आहे, आणि सगळे किल्ले पाडून, बाकीच्या सगळ्या भानगडी पूर्ण करून शेवटच्या राज्याच्या लढाईपर्यंत पोचायचं तर हात आवरून आणि डोकं थंड ठेवून खेळावं लागतं. एकच फटका. नवख्याला तो दार वाटतो, जुन्याला हिशेब.

आजच्या कित्येक मशीनांत हे दार सापडतच नाही. मला खोल नियम आवडतात. विझार्ड मोडपर्यंत, म्हणजे बाकी सगळं पूर्ण केल्यावर उघडणाऱ्या शेवटच्या टप्प्यापर्यंत, पोचायला मी वर्षं घातली आहेत. नव्या मशीनांपैकी बरीच आता घरांत जातात हेही कळतं. ज्यानं मशीन घरी आणून ठेवलंय त्याला ते सहा महिन्यांत संपून चालणार नाही. पण खोली पायऱ्यांनी उतरू द्या. पहिल्याच बॉलला आठ दिवे लुकलुकतायत, पडद्यावर तीन आकडे पळतायत, आवाज दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगतायत, यात नवख्यानं बघायचं कुठे? बॉलकडे बघितलं तर पडदा सुटतो, पडद्याकडे बघितलं तर बॉल. आणि खाली डाव्या कोपऱ्यातलं ते नियमांचं कार्ड! मुंगीच्या अक्षरांत बारा ओळी, त्यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ ज्याला आधीच नियम माहीत आहेत त्यालाच लागतो.

आम्हा खेळाडूंबद्दलची तक्रार थोडक्यात. आपण लोक पिनबॉल मरत चालला म्हणून उसासे टाकतो आणि नवा माणूस मशीनसमोर आला की पाठीमागे उभं राहून त्याचा खेळ कधी संपतो याची वाट बघतो. दीड मिनिटात संपला की मनातून बरं वाटतं. मला वाटलेलं आहे.

अवघडपणाच्या बाजूनंही दोन शब्द बोललं पाहिजे, नाहीतर माझेच मित्र मला टिल्ट करतील. सैल मशीनवर चांगला खेळाडू पाऊणपाऊण तास एकच खेळ खेळू शकतो. त्याला स्वतःला दहाव्या मिनिटानंतर कंटाळा येतो, मागच्याला तिसऱ्या मिनिटाला. सामने तर अशा मशीनांवर पहाटेपर्यंत संपणार नाहीत. म्हणून सामन्यांसाठी रबरं काढणं, एक्स्ट्रा बॉल बंद करणं, टिल्ट कडक करणं योग्यच आहे, त्यात लबाडी काही नाही. शिवाय हरण्याची भीती नसेल तर फ्लिपरवर बॉल धरून ठेवून, श्वास सोडून, नेम धरून मारण्यात मजा ती काय? मला मशीन मऊ करून नकोय. मला ते सगळ्यांवर एकाच मापानं कडक नकोय.

आणि इथेच मला जे म्हणायचंय ते येतं. मशीनमध्ये दोन प्रकारचं काठिण्य असतं. एक लोखंडातलं: खांब, रबर, उतार, टिल्ट. दुसरं सॉफ्टवेअरमधलं: बॉल सेव्ह किती सेकंद, किकबॅक (आउटलेनमधला बॉल परत वर उडवणारी सोय) सुरुवातीला चालू की बंद, मल्टिबॉलसाठी (एकाच वेळी अनेक बॉल) किती फटके, एक्स्ट्रा बॉल मिळणार की नाही. लोखंड माणूस बघून बदलत नाही. माझ्यानंतर माझी बहीण खेळायला आली तर रबर आपोआप परत येत नाही. सॉफ्टवेअर मात्र प्रत्येक खेळाला, अगदी चार जण एकत्र खेळत असले तर प्रत्येक खेळाडूला वेगळं वागू शकतं. असं असताना आपण उलटं करून बसलोय: कडकपणा लोखंडात भरतोय आणि सॉफ्टवेअर सगळ्यांना एकच ठेवतोय. लोखंड नवख्याच्या मापाचं ठेवा. जो कडक मागेल त्याला ते नियमांतून द्या.

ही काही हवेतली मागणी नाही. जुन्या विल्यम्स कंपनीच्या मशीनांच्या मेनूतही फार सोपं ते फार अवघड अशा तयार मांडण्या होत्या, फक्त त्या किल्ली असलेल्या माणसालाच दिसायच्या. सामन्यांसाठी वेगळा मोड आजच्या कित्येक मशीनांत असतो, जो नशिबानं मिळणारी बक्षिसं सगळ्यांना सारखी करतो. 2021 पासून स्टर्न कंपनीच्या मशीनवर क्यूआर कोड दाखवून खेळाडू आपली ओळख देऊ शकतो. म्हणजे समोर कोण उभा आहे हे मशीनला कळू शकतं. कळून ते काय करतं, एवढाच प्रश्न आहे.

माझ्या मागण्या अशा.

मांडणाऱ्यांकडे: सामने संपले की त्याच रात्री मशीन पूर्ववत करा. आउटलेनला रबर, खांब मधल्या किंवा सोप्या भोकात, टिल्टला माणसाचा हात सहन होईल इतकी सैल, दोन इशारे शाबूत. बॉल सेव्ह प्रत्येक बॉलला, निदान पंधरा सेकंद. रिप्लेचा आकडा आपोआप चढू न देता एक ठरवून ठेवा आणि तो नवख्याला चांगल्या दिवशी गाठता येईल असा ठेवा. आठवड्यातून एकदा काच उघडून प्लेफील्ड पुसा आणि दोन्ही फ्लिपरांनी प्रत्येक रॅम्प स्वतः मारून बघा. एखादा रॅम्प चढत नसेल तर काचेवर चिठ्ठी लावा, लोकांना खोटी आशा दाखवू नका.

बनवणाऱ्यांकडे: काठिण्याची निवड मेनूतून काढून स्टार्टच्या बटणावर आणा. एकदा दाबलं तर साधा खेळ. फ्लिपर धरून दाबलं तर कडक: बॉल सेव्ह नाही, एक्स्ट्रा बॉल नाही, आणि गुणांची यादी वेगळी, म्हणजे आमच्या अहंकाराचीही सोय होईल. साध्या खेळात ज्या बॉलला फ्लिपरचा स्पर्शच झाला नाही तो बॉल मोजू नका, परत द्या. फ्लिपरचा स्विच मशीनला कळतो, प्लेफील्डवरचे स्विच कळतात, तर बॉल खेळाडूपर्यंत पोचला की नाही याचा अंदाज बांधणं तुमच्या प्रोग्रामरांना जड जाऊ नये. पहिल्या बॉलला एकाच ठिकाणी दिवा लावा. आणि त्या कार्डावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत दोनच ओळी छापा: आधी कुठे मारायचं, आणि दोन्ही बटणं एकदम दाबू नका.

आम्हा खेळाडूंकडे मागणी एकच. कडक मशीन हवं असेल तर ते आपल्यापुरतं मागा, आणि मशीनवाल्याला जेवढ्या हक्कानं "कडक कर" म्हणतो तेवढ्याच हक्कानं नंतर "सैल कर" म्हणायला जा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पाचसहा जणांपैकी एक

ता.क. त्या दिवशी काढलेल्या रबरांपैकी एक मशीनवाल्यानं काचेवर ठेवलं होतं आणि मी गंमत म्हणून खिशात टाकलं होतं. पत्र लिहायला बसलो तेव्हा टेबलाच्या खणात सापडलं. ते काळं पडलंय, एका बाजूनं चिरलंय, परत लावण्याच्या लायकीचं राहिलेलं नाही. मी दोन नवीन घेऊन उद्या जातोय. ताईला अजून काही सांगितलेलं नाही.